गिटारची तबली आणि शिसवाची पाठ

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात, अंधूक उजेडाच्या एका खोलीत, ५२ गिटारवादक एकेक करून येऊन बसले. प्रत्येकाच्या डोळ्यांवर वेल्डिंग करणारे लावतात तसला काळा गॉगल होता. हातात एकामागून एक सहा गिटारी दिल्या जात होत्या. सहाही रॉजर बकनॉल या एकाच कारागिराने मुद्दाम या प्रयोगासाठी बनवलेल्या. आराखडा एक, मापं एक, वरची फळी सगळ्यांची सिट्का स्प्रूसचीच. वेगळं होतं ते फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड. एकीला ब्राझिलियन रोझवूड, दुसरीला भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव, बाकीच्यांना महोगनी, मेपल, आफ्रिकेतलं सापेले आणि अक्रोड. यातली काही लाकडं मिळणं जवळजवळ अशक्य झालंय, काही कुठल्याही वखारीत मिळतील अशी. वादकांनी वाजवायचं आणि प्रत्येक गिटारच्या आवाजाला गुण द्यायचे.

सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे निघाले.

मग दुसऱ्या ३१ वादकांची आणखी कडक परीक्षा झाली. आधी एक गिटार, मग दुसरी, मग या दोघींपैकीच कुठली तरी एक पुन्हा हातात. ही पहिली की दुसरी, एवढंच सांगायचं. तेही त्यांना खात्रीने जमलं नाही. ब्रिजपाशी यंत्रं लावून मोजमापं घेतली तेव्हा गिटारींमध्ये थोडेफार फरक दिसले, पण ते बहुतांशी हाताने घडवताना राहून जाणाऱ्या सूक्ष्म फरकांमुळे होते, पाठीच्या लाकडाच्या जातीमुळे नव्हे. सॅम्युएले कार्कान्यो, क्रिस्टोफर प्लॅक, केंब्रिजचे जिम वुडहाउस, पॅरिसच्या क्लॉडिया फ्रिट्झ आणि स्वतः बकनॉल यांनी मिळून हा अभ्यास २०१८ साली अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला.

गिटार विकत घ्यायला गेलेल्या कुणालाही हे पचायला जड जाईल. दुकानात किंमत चढत जाते ती बऱ्याच अंशी याच लाकडाच्या नावावर. शिसवाचा आवाज खोल आणि गुंजणारा, महोगनीचा कोरडा आणि मधल्या स्वरांचा, मेपलचा स्वच्छ आणि तीक्ष्ण, ही वर्णनं वादकांना तोंडपाठ असतात. अनेक वर्षं वाजवणारी, कानाची तयारी असलेली माणसं ती मनापासून सांगतात. त्यांना खोटं ठरवण्याची मला घाई नाही. पण लाकडाचा आवाजाशी खरा संबंध कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट पाहायला हवं, कारण या वर्णनांपायी जगातल्या काही जंगलांनी फार मोठी किंमत मोजली आहे. त्यातलं एक जंगल आपल्या सह्याद्रीच्या रांगेतलं आहे.

नुसती तार छेडली तर जवळजवळ ऐकू येत नाही. तार इतकी बारीक की ती हवेला ढकलू शकत नाही, हवा तिच्या बाजूने निसटून जाते. गिटारला आवाज येतो तो तार ज्या ब्रिजवर टेकलेली असते त्या ब्रिजखालच्या फळीमुळे. आपल्याकडे सतार-तंबोऱ्याचे कारागीर तिला तबली म्हणतात आणि गिटारच्या बाबतीतही मला तोच शब्द जवळचा वाटतो. तार ब्रिजला हलवते, ब्रिज तबलीला आणि तबली हवेला. पोटातली हवासुद्धा मधल्या गोल भोकातून आत-बाहेर होत आपला एक स्वर धरते. साधारण गिटारमध्ये तो सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास असतो आणि तबलीचा स्वतःचा पहिला मोठा हेलकावा २००च्या आसपास. या दोघांची सांगड कशी बसते त्यावर खर्जाच्या तारांचा भरीवपणा ठरतो.

तबलीपुढची अडचण अशी की तिला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी जमवायच्या असतात. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो. ब्रिज उखडू नये, फळी वाकू नये म्हणून तिने ताठ असायला हवं. पण तारेच्या एवढ्याशा ऊर्जेने हलायचं तर ती हलकी हवी. हलकं आणि तरीही ताठ, ही अट लावली की बहुतेक लाकडं गळून पडतात आणि स्प्रूस उरतो. एका घनमीटर सिट्का स्प्रूसचं वजन साधारण सव्वाचारशे किलो भरतं, शिसवाचं आठशेच्या वर. तरीही रेषांच्या दिशेने स्प्रूस विलक्षण ताठ असतो. त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या जवळजवळ पंधरापट. सुरुवातीच्या काळातली विमानंही याच लाकडाची बनत, राइट बंधूंच्या पहिल्या विमानातही स्प्रूस होता. विमानाच्या पंखाला आणि गिटारच्या तबलीला लाकडाकडून हवं असतं ते एकच.

पण स्प्रूस म्हटलं की काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं. एकाच जातीच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या दोन फळ्यांत वजन आणि ताठपणा बराच बदलतो. फळी खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल तरच तिच्या वर्षवलयांच्या रेषा उभ्या, सरळ येतात. थोडी तिरपी कापली गेली तर आडव्या दिशेचा ताठपणा झपाट्याने घसरतो. मुळातच आडव्या दिशेला स्प्रूस उभ्याच्या मानाने दहा-पंधरा पट लवचीक असतो, म्हणून तर आतून पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेसने त्या पंख्यासारख्या पसरलेल्या रचनेत मांडल्या. सॅक्सनीतून अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिनच्या कारखान्यात १८४०च्या दशकात त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदू लागल्या आणि पुढे स्टीलच्या तारांच्या गिटारीसाठी तीच रचना रूढ झाली.

यानंतर येते जाडी. मला स्वतःला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची तबली रंधून २.७ मिलिमीटर केली, म्हणजे केवळ दहा टक्के लाकूड काढलं, तर ताठपणा एक चतुर्थांशाहून जास्त कमी होतो. म्हणून कसलेला कारागीर आकड्यांवर विसंबत नाही. फळी दोन बोटांत धरून तिच्यावर टिचकी मारतो, तिचा स्वर ऐकतो, दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहतो, पुन्हा रंधा फिरवतो. हलकी, ताठ फळी मिळाली तर ती अधिक पातळ करतो, जड किंवा नरम निघाली तर जाड ठेवतो. लेबलावरचं 'सिट्का स्प्रूस' दोन्हींना सारखंच लागू होतं, पण आवाज ठरतो तो त्या रंध्याच्या फेऱ्यांत.

स्प्रूसला एक तुल्यबळ पर्याय आहे, वेस्टर्न रेड सिडार. माद्रिदच्या होसे रामिरेझ (तिसरे) यांनी १९६०च्या दशकात तो अभिजात गिटारमध्ये रुजवला. तो स्प्रूसपेक्षाही हलका आणि मऊ. सिडारची गिटार पहिल्या दिवसापासून मोकळी वाजते, हळू छेडलं तरी चटकन उत्तर देते. जोरकस वाजवणाऱ्याला मात्र स्प्रूसचाच आधार वाटतो. तबलीची जात बदलली तर वादकाच्या बोटांना ते जाणवतं, यावर फारसे मतभेद नाहीत. इथे लाकूड स्वतः हलतं आणि हवा हलवतं, म्हणून इथे त्याच्या गुणांचं मोल आहे.

गिटार घ्यायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींनी म्हणूनच सर्वांत आधी तबलीबद्दल विचारावं. ती अखंड लाकडाची आहे की प्लायची? स्वस्त गिटारीत बाहेरून स्प्रूसचा पातळ थर आणि आत आडवे-उभे चिकटवलेले दुसरे थर असतात. अशी तबली टिकते चांगली, पण मोकळेपणाने हलत नाही. अखंड तबलीची किंमत पावसाळ्यात सांभाळ करून चुकवावी लागते. गिटारच्या लाकडाला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते आणि जुलैत मुंबई, कोकण, गोव्यात ती ८०च्या वर असते. लाकूड पाणी धरतं, आडव्या दिशेने फुगतं, तबलीला पोट येतं, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि आवाज गुदमरल्यासारखा होतो. घट्ट पेटी आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या हा उपाय स्वस्त आहे आणि तो गिटारच्या आवाजासाठी पाठीच्या शिसवापेक्षा जास्त करतो.

पाठीबद्दलचा प्रश्न काही लँकेस्टरमध्ये पहिल्यांदा विचारला गेला नाही. आल्मेरिया भागात १८१७ साली जन्मलेल्या तोर्रेसने, ज्याच्या मापांवर आजची अभिजात गिटार उभी आहे त्याच तोर्रेसने, १८६२ साली एक विलक्षण गिटार बनवली. तबली उत्तम स्प्रूसची, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज तबलीत आणि तिच्या घडणीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आज ती वाजवण्याच्या स्थितीत नाही, पण आपल्या व्यवसायाच्या सर्वांत महागड्या समजुतीला एका कारागिराने स्वतःच्या हातांनी दिलेलं ते आव्हान होतं, आणि म्हणून मला ते कुठल्याही प्रबंधाहून मोठं वाटतं.

मग शिसवाची ख्याती आली कुठून? तिला आधार नाही असं अजिबात नाही. शिसवाची कोरडी फळी एका टोकाशी सैल धरून मधे टिचकी मारा, ती घंटेसारखी घुमते. महोगनीची फळी त्यामानाने लवकर गप्प होते. शिसवाच्या कुळातली, डालबर्जिया या प्रजातीतली लाकडं कंपन स्वतःत फार कमी जिरवतात. मरिंबा या वाद्याच्या पट्ट्या याच प्रजातीतल्या होंडुरास रोझवूडच्या करतात आणि तिथे दुसरं लाकूड वापरलं तर नवख्यालाही फरक कळेल, कारण तिथे काठीचा मार थेट पट्टीवर बसतो आणि पट्टीच गाते. गिटारच्या पाठीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यापर्यंत तारेची ऊर्जा पोचते ती तबली, आतली हवा आणि कडा यांच्या मार्फत, उरलीसुरली. शिवाय वाजवणारा ती पाठ स्वतःच्या पोटाला टेकवून बसतो, त्यामुळे तिचा बराचसा हेलकावा तिथेच विरतो.

पाठीला काहीच काम नाही असाही याचा अर्थ नव्हे. तिचं वजन, तिची कमान, आतल्या पट्ट्या यांनी गिटारचा स्वभाव बदलतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन जाळीदार आधाराची अतिशय पातळ तबली आणि तिच्याखाली मुद्दाम जाड, जड, जवळजवळ न हलणारी पाठ अशी रचना करतात. गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी मोठमोठ्या सभागृहांत अनेक वर्षं याच गिटारी वाजवल्या. पण तिथेही प्रश्न पाठ किती हलते याचा आहे, झाडाच्या नावाचा नाही. वजन आणि घडण साधली तर झाडं बदलता येतात. लँकेस्टरच्या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. तो स्टीलच्या तारांच्या, एकाच कारागिराच्या, एकाच आराखड्याच्या गिटारींबद्दल आहे. पण त्या चौकटीत तो स्पष्ट आहे, आणि क्लॉडिया फ्रिट्झ यांनी स्ट्रॅडिव्हेरियसच्या जुन्या व्हायोलिनींबाबत नामवंत वादकांवर केलेल्या चाचण्यांशी तो जुळतो. तिथेही काळ्या गॉगलआड जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे वादकांना ओळखता आलं नव्हतं, आणि अनेकांनी नवं व्हायोलिनच पसंत केलं होतं.

डोळे उघडे असताना आपण लाकूड पाहतो, किंमत पाहतो, आपल्या आवडत्या वादकाच्या हातातली गिटार आठवतो आणि हे सगळं मिळून ऐकतो. यात अप्रामाणिकपणा नाही, ऐकण्याची क्रियाच तशी आहे. दुःख याचं की या ऐकण्यासाठी झाडं पडली.

ब्राझीलच्या किनाऱ्यालगतचं अटलांटिक अरण्य हे डालबर्जिया नायग्राचं घर. युरोपातल्या राजवाड्यांच्या सामानासाठी, पियानोंसाठी आणि शेवटी गिटारींसाठी ते झाड शतकानुशतकं तोडलं गेलं, आणि अरण्यच शेतीने आणि शहरांनी गिळलं. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले आणि १९६९ साली मार्टिन कंपनीने आपल्या रोझवूडच्या गिटारींसाठी भारताकडे मोर्चा वळवला. मार्टिनच्या डी-२८ या गिटारीत त्या वर्षाआधीच्या आणि नंतरच्या यांच्यात संग्राहक आजही दरी मानतात आणि आधीच्या गिटारींना प्रचंड किंमत देतात. नंतरच्या गिटारींची पाठ आपल्या शिसवाची, डालबर्जिया लॅटिफोलियाची. लँकेस्टरच्या खोलीत ही दोन्ही लाकडं शेजारी शेजारी होती.

आपल्यासाठी शिसव म्हणजे आजोळचा पलंग, वाड्यातला झोपाळा, काळसर जांभळी झाक असलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या न किडणारं लाकूड. कोकणापासून खाली कर्नाटक, केरळ आणि निलगिरीपर्यंतच्या घाटात तो वाढतो, दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांवर सावलीसाठीही जपलेला असतो. जाड, काळ्या गाभ्याचं खोड तयार व्हायला अनेक दशकं जातात. वनखात्यांच्या आगारांत त्याचे लिलाव होतात. कच्चे ओंडके देशाबाहेर पाठवायला भारताची बंदी आहे, त्यामुळे गिटारची पाठ आणि कडा इथेच कापून, तयार भाग म्हणून जातात. जगातल्या असंख्य चांगल्या गिटारींच्या पाठीला सह्याद्रीतलं किंवा निलगिरीतलं झाड आहे, याचा कुणाला अभिमान वाटला तर ते स्वाभाविक आहे. मला अभिमानाइतकीच काळजीही वाटते, कारण एका रोझवूडचं अरण्य संपल्यावरच जग दुसऱ्याकडे वळलं होतं.

निदान या वेळी झाड संपायच्या आधी कायदा आला. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराने, साइट्सने, १९९२ साली जवळजवळ पूर्ण बंदी घातली. महोगनीच्या अमेरिकी जंगलांतल्या लाकडावर २००३ पासून परवान्याची अट आली. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत डालबर्जियाची संपूर्ण प्रजातीच परवान्याखाली आणायचं ठरलं आणि जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं. त्यामागे मोठं कारण होतं चीनमधल्या लाल लाकडाच्या फर्निचरची मागणी, पण फटका वाद्य बनवणाऱ्यांनाही बसला. गिटारचे भाग, बासऱ्या, क्लॅरिनेट, सगळ्यांची कागदपत्रं. वाद्यमेळे आणि कारखाने यांनी केलेल्या मागणीनंतर २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडावरची अट मात्र राहिली. ही विभागणी मला योग्य वाटते. वादकाला सीमेवर अडवून जंगल वाचत नाही, ओंडक्याचा हिशेब मागितला तर वाचण्याची शक्यता असते.

अमेरिकेत याचा एक खटकाही उडाला. २००८ साली तिथल्या लेसी कायद्यात लाकडाचा समावेश झाला. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून कापलेलं किंवा पाठवलेलं लाकूड बाळगणं हाही गुन्हा ठरला. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीवर २००९ साली मादागास्करच्या अबनूस या काळ्या, कठीण लाकडावरून छापा पडला आणि ऑगस्ट २०११ मध्ये दुसरा, तोही भारतातून आलेल्या अबनूस आणि शिसवाच्या पट्ट्यांवरून. या पट्ट्या म्हणजे गिटारच्या मानेवर बोटं फिरतात ती फळी. प्रश्न असा होता की अर्धवट कापलेली पट्टी हे भारतीय नियमांनुसार कापीव लाकूड की वाद्याचा भाग. २०१२ साली तडजोड झाली. मादागास्करच्या प्रकरणात गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला आणि ५० हजार डॉलर निसर्गसंवर्धनासाठी दिले. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणात संदिग्धता असल्याचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. त्या काळात यावरून अमेरिकेत मोठं राजकारण झालं. पण त्या छाप्यांनंतर प्रत्येक कारखाना लाकूड कुठून आलं हे विचारू लागला, हा परिणाम मला त्या गदारोळापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पाठीसाठी मौल्यवान लाकूड अपरिहार्य नाही, याचा पुरावा तर आपल्या मिरजेतच आहे. तिथल्या तंबोऱ्याची पाठ लाकडाची नसतेच. पंढरपूर परिसरात खास पिकवलेले मोठे कडू भोपळे वाळवून, कापून त्यांचा पोकळ गोल वापरतात. तबली आणि दांडी लाकडाची, त्यासाठी हलकं आणि सरळ रेषांचं तूण पसंत करतात. किराणा घराण्याच्या गवयांनी ज्या तंबोऱ्यांच्या गुंजनात स्वर लावला, त्यांची पाठ दरवर्षी वेलावर उगवत होती. कारागिराची सगळी साधना तबलीची जाडी, घोडीची बसवण आणि जवारी यांत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

गिटारबाबत खरी टंचाई आहे ती तबलीच्या लाकडाची. दोन अर्ध्या फळ्या पुस्तकासारख्या उघडून जोडल्या की गिटारची तबली होते. म्हणजे गाभ्यापासून सालीपर्यंत किमान वीसेक सेंटिमीटर स्वच्छ, गाठ नसलेलं लाकूड हवं आणि त्यासाठी खोडाचा घेर प्रचंड हवा. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरचे सिट्का स्प्रूस त्या आकाराला यायला काही शतकं घेतात. तिथली बरीच जंगलं सीअलास्का या, त्लिंगित, हैदा आणि त्सिम्शियन लोकांच्या मालकीच्या कंपनीकडे होती आणि ती सपाट कापली जात होती. गिटारला लागणारं लाकूड त्यातला अगदी छोटा हिस्सा, बाकीचं साध्या इमारती लाकडासारखं आशियात जाई. मार्टिन, गिब्सन, फेंडर, टेलर हे एरवीचे स्पर्धक ग्रीनपीसच्या पुढाकाराने एकत्र आले आणि सीअलास्काशी बोलायला अलास्कात गेले. त्या वेळी फारसं काही हाती लागलं नाही. पण २०२१ च्या सुरुवातीला सीअलास्कानेच वृक्षतोडीचा व्यवसाय बंद केल्याचं जाहीर केलं. युरोपात वेगळंच संकट आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाया नावाच्या वादळाने इटलीतल्या व्हाल दि फिएम्मे खोऱ्यातली, व्हायोलिनच्या लाकडासाठी शतकानुशतकं राखलेली स्प्रूसची झाडं मोठ्या संख्येने आडवी केली. आता कारखाने अरुंद फळ्या घेऊन तीन-चार तुकड्यांची तबली जोडू लागलेत. रेषा नीट जुळल्या तर अशा तबलीच्या आवाजात काही उणं नसतं, पण गिऱ्हाइकाला ते जोड दिसतात आणि तो मागे सरतो.

बोटांखालच्या पट्टीबाबत तर कानाचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिथे लागतं ते झिजणार नाही असं कठीण लाकूड. अबनूस हे आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतलं झाड आणि गिऱ्हाइकाला ती पट्टी कोळशासारखी काळी हवी असते. टेलर कंपनीने एका स्पॅनिश भागीदारासह २०११ साली कॅमेरूनमधल्या याउंडे इथली अबनूसची गिरणी विकत घेतली, तेव्हा बॉब टेलर यांना कळलं की गाभा पूर्ण काळा आहे की करड्या पट्ट्यांचा, हे झाड पाडल्याशिवाय समजत नाही. त्यांनी सांगितलं तसं, दहा झाडं पाडली तर एक काळं निघे आणि उरलेली नऊ जंगलातच कुजायला सोडून दिली जात. त्या नऊ झाडांचं लाकूड तितकंच कठीण, तितकंच टिकाऊ होतं. टेलरने पट्ट्यापट्ट्यांचं अबनूस स्वतःच्या महागड्या गिटारींवर वापरायला सुरुवात केली आणि इतरांनाही विकलं. मग काँगो खोऱ्यातल्या संशोधकांना हाताशी धरून गावागावांत अबनूसची रोपं लावायला घेतली, शेतकऱ्यांना उपयोगी पडतील अशा फळझाडांबरोबर. ती रोपं कापण्याजोगी होतील तेव्हा आज गिटार शिकणारी पिढी नसेल. याच संशोधनातून पुढे आलं की अबनूसची फळं खाऊन त्याच्या बिया दूरवर पोचवतात ते जंगलातले हत्ती. हस्तिदंतासाठी जिथे हत्ती मारले गेले, त्या जंगलांत अबनूसची कोवळी झाडं फार कमी आढळतात.